शंभर वर्षांपूर्वी गेलेला हेन्री गँट आजही इंटिरियर स्टुडिओचं सॉफ्टवेअर निवडायला मदत करतो

इंटिरियरचं काम करणाऱ्या कुठल्याही ऑफिसमध्ये जा, एक सीन ठरलेला असतो. फ्लॅट तीन महिन्यांत करून देतो असं क्लायंटला सांगून झालेलं असतं. सुतार येतो तेव्हा लॅमिनेट आलेलं नसतं. लॅमिनेट येतं तेव्हा सुतार दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. इलेक्ट्रिशियननं पाइप टाकायच्या आधीच पीओपीवाला सीलिंग बंद करून मोकळा होतो. व्हॉट्सॲपवर पाच ग्रुप, एक एक्सेल शीट आणि बाकी सगळा हिशोब मालकाच्या डोक्यात.

मग एक दिवस ठरतं, आता प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घ्यायचंच. शोधायला बसलं की असाना, मंडे, ट्रेलो, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आणि वर खास इंटिरियरवाल्यांसाठी बनवलेली ॲप्स समोर येतात. डेमोमध्ये सगळीच भारी वाटतात. त्यातल्या बहुतेक डेमोंमध्ये एक चित्र हमखास दिसतं. डावीकडे कामांची यादी, वर तारखा आणि मध्ये आडव्या रंगीत पट्ट्या. या चित्राला म्हणतात गँट चार्ट.

गँट हा कुठला शॉर्टफॉर्म नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे. हेन्री लॉरेन्स गँट, अमेरिकन इंजिनिअर. १९१९ साली वारला, म्हणजे कॉम्प्युटर त्यानं आयुष्यात पाहिला नाही. पण त्यानं हे चित्र नेमकं कशासाठी काढलं होतं ते कळलं, की कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

तर गोष्ट सुरू होते तंबाखूच्या मळ्यापासून.

जन्म श्रीमंत घरात, बालपण गरिबीत

२० मे १८६१ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, कॅल्व्हर्ट काउंटीत गँटचा जन्म झाला. घरची तंबाखूची शेती होती आणि त्या काळच्या दक्षिणेकडच्या मळेवाल्यांसारखी ती गुलामांच्या कष्टावर चालायची. पण गँट जन्मला त्याच्या महिनाभर आधीच अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटलं होतं. युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि गँट घराण्याची श्रीमंतीही गेली. कुटुंब बाल्टिमोर शहरात आलं.

पोरगा मॅकडोनो नावाच्या निवासी शाळेत गेला. ही शाळा गरीब घरच्या मुलांसाठी होती आणि तिथं अभ्यासाबरोबर शेतातलं कामही करावं लागायचं. १८७८ साली तो या शाळेतून बाहेर पडला आणि १८८० मध्ये त्यानं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेतली. मग आपल्याच जुन्या शाळेत तीन वर्षं मास्तरकी केली. पुढे स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १८८४ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला.

त्यानंतर बाल्टिमोरच्या एका लोखंडी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी लागली. म्हणजे दिवसभर बोर्डावर वाकून मशीनची ड्रॉइंग काढायची. मधे तो काही काळ पुन्हा शाळेत शिकवायलाही गेला. मास्तरकी आणि ड्रॉइंग, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे गँटनं जे काही केलं त्यात या दोन्ही दिसतात.

टेलरचा चेला, पण वेगळ्या वाटेचा

१८८७ साली गँट फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत लागला. तिथं त्याला साहेब भेटला फ्रेडरिक टेलर. तोही स्टीव्हन्सचाच विद्यार्थी, गँटच्या एकच वर्ष पुढे. हाच तो टेलर, ज्यानं स्टॉपवॉच हातात घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीला किती सेकंद लागतात ते मोजलं. त्याच्या पद्धतीला सायंटिफिक मॅनेजमेंट म्हणतात आणि मॅनेजमेंटच्या पुस्तकात आजही त्याचा धडा असतो.

दोघांचं जमलं. दोघांच्या नावावर मिळून पेटंटही निघाली. १८९९ मध्ये टेलरनं गँटला बेथलेहेम स्टील कंपनीत बोलावून घेतलं. त्याच वर्षी गँटचं मेरी एलायझा स्नो हिच्याशी लग्न झालं. पुढे त्यांना एक मुलगी झाली.

बेथलेहेममध्ये गँट आणि टेलर यांच्यातला फरक दिसायला लागला. टेलरची मजुरीची पद्धत कडक होती. ठरलेलं काम पूर्ण केलं तर नगामागं जास्त दर, कमी पडलं तर नगामागं दरच कमी. म्हणजे नवशिक्या कामगार दोन्हीकडून मार खायचा. १९०१ मध्ये गँटनं दुसरी पद्धत आणली. दिवसाची मजुरी सगळ्यांना मिळणारच. ठरलेलं काम दिवसात पूर्ण केलं तर वर बोनस.

त्याला आणखी एक गोष्ट जोडली गेली. हाताखालच्या ज्या ज्या कामगाराला बोनस मिळेल, त्याच्यामागं मुकादमालाही थोडा बोनस आणि सगळेच्या सगळे जमले तर जास्त. आधी मुकादमाचं काम होतं ओरडण्याचं. आता अडलेल्या माणसाला शिकवण्यात त्याचा स्वतःचा फायदा झाला. जुना मास्तर इथं बोलत होता, असं म्हणायला हरकत नाही.

काळी रेघ, लाल रेघ

बोनस द्यायचा म्हणजे कुणी किती काम केलं याची रोजची नोंद हवी. गँटनं कामगारांची नावं एकाखाली एक लिहिली आणि समोर दिवसांचे रकाने आखले. ज्या दिवशी काम पूर्ण झालं त्या दिवशी काळी रेघ, नाही झालं तर लाल. नुसत्या आकड्यांची वही कुणी उघडून बघत नाही, पण भिंतीवरचा लाल रंग लांबूनही दिसतो.

१९०१ नंतर गँट स्वतंत्र सल्लागार झाला. कापडाच्या गिरण्या, यंत्रांचे कारखाने अशा ठिकाणी जाऊन तो घडी बसवून द्यायचा. १९०३ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसमोर एक निबंध मांडला. त्याचा गाभा साधा होता. कारखान्यात काल काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे रोजच्या रोज एका तक्त्यावर दिसलं पाहिजे. महिनाअखेरीचा रिपोर्ट म्हणजे घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप. काल काय चुकलं ते आज सकाळी कळलं तर आज दुरुस्त करता येतं.

पण एवढे तक्ते काढता काढता गँटच्या लक्षात एक वेगळीच गोष्ट यायला लागली. लाल रेघ कामगाराच्या नावासमोर असते, पण चूक बरेचदा त्याची नसते. माल वेळेवर आलेला नसतो. मशीन बिघडलेलं असतं. पुढचं काम कुठलं ते कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणजे दोष वरच्या माणसांच्या नियोजनात असतो आणि लाल शाई खालच्याच्या नावावर जाते.

मग त्यानं मशीनचेही तक्ते काढले. कुठलं मशीन किती तास चाललं आणि किती तास बंद राहिलं, एवढ्यावर तो थांबला नाही. बंद का राहिलं, तेही तिथंच लिहायचं. माणूस नव्हता, माल नव्हता, ऑर्डर नव्हती की दुरुस्ती चालू होती. कारण लिहिलं की जबाबदारी कुणाची ते आपोआप कळतं. माल नसेल तर खरेदी खातं, ऑर्डर नसेल तर विक्री खातं.

१९१५ मध्ये त्यानं याच विचाराला धरून हिशोबाची पद्धतही उलटी केली. रिकाम्या पडलेल्या मशीनचा खर्च तयार मालाच्या किमतीत मिसळू नका, तो वेगळा दाखवा, असं त्याचं म्हणणं होतं. मिसळला की माल महाग दिसतो आणि बोल कामगारावर येतो. वेगळा दाखवला की मालकाला स्वतःचा गलथानपणा रुपयाआण्यात, तिकडच्या भाषेत डॉलरमध्ये, दिसतो.

टेलरच्या पद्धतीवर त्या काळात कामगार संघटना भयंकर चिडून होत्या. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉचवरून संप झाला होता. त्याच गुरूचा हा चेला आता मोजमापाचं तोंड साहेबाकडे वळवत होता.

युद्ध आलं आणि चार्ट तयार झाला

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. गँट सरकारी कामाला लागला. फिलाडेल्फियाचा फ्रँकफर्ड शस्त्र कारखाना, सैन्याचं शस्त्रास्त्र खातं आणि मग जहाजं बांधणारी इमर्जन्सी फ्लीट कॉर्पोरेशन. शेकडो कारखाने आणि गोद्या एकाच वेळी काम करत होत्या. कुणी किती बंदुका देणार, कुठलं जहाज कधी पाण्यात जाणार, याचे आकडे ढिगानं येत होते आणि त्यातून नेमकं कोण मागं आहे ते कुणालाच कळत नव्हतं.

अडचण अशी होती की बंदुका नगात मोजतात, दारूगोळा वजनात आणि जहाज टप्प्यांत. हे सगळं एका कागदावर कसं आणायचं? गँटनं सगळ्यांना एकाच मापात बसवलं. ते माप म्हणजे वेळ.

इंटिरियरच्याच भाषेत समजून घ्या. दोन आठवड्यांत सहा कपाटं करायची आहेत. पहिल्या आठवड्यात दोन, दुसऱ्यात चार. कागदावर दोन्ही आठवड्यांचे रकाने सारख्याच रुंदीचे. दोन आठवडे संपले आणि झाली चारच कपाटं. पहिली दोन म्हणजे पहिला रकाना पूर्ण भरला. पुढची दोन म्हणजे दुसऱ्या रकान्यातलं निम्मं काम. जाड रेघ दीड रकान्यापर्यंत पोचते. आजची तारीख दोन रकान्यांच्या शेवटी आहे. म्हणजे काम अर्धा आठवडा मागं. कपाट असो, बंदूक असो की जहाज, उत्तर एकाच भाषेत मिळतं, की आपण किती दिवस मागं आहोत.

हाच तो गँट चार्ट. त्यात ठरलेलं काम आणि झालेलं काम एकाच ओळीत शेजारी असतं. आज आपण बघतो त्या बऱ्याच रंगीत पट्ट्यांमध्ये फक्त ठरलेलं असतं. गँटच्या हिशोबानं तो अर्धाच चार्ट झाला.

त्याच्याही आधी असं काम कुणी केलं नव्हतं असं नाही. पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की या इंजिनिअरनं १८९६ मध्येच हार्मोनोग्राम नावाचा असा तक्ता बनवला होता. पण त्याचं लिखाण इंग्रजीत नव्हतं, त्यामुळं ते पश्चिमेकडे फारसं पोचलं नाही आणि नाव राहिलं गँटचं.

युद्ध संपलं आणि त्यानंतर साधारण वर्षभरानं, २३ नोव्हेंबर १९१९ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या पाइन आयलंड इथं गँट वारला. वय ५८. त्याच वर्षी त्याचं शेवटचं पुस्तक आलं होतं. धंद्यानं नफ्याइतकीच समाजाच्या सेवेचीही फिकीर केली पाहिजे, हा त्या पुस्तकातला सूर. १९२२ मध्ये त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क यानं गँट चार्टवर पुस्तक लिहिलं. त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली आणि चार्ट जगभर गेला. दुसरा सहकारी वॉल्टर पोलाकोव्ह तर हे तक्ते घेऊन सोव्हिएत रशियात पंचवार्षिक योजनेच्या कामाला गेला. १९२९ मध्ये गँटच्या नावानं पदकही सुरू झालं.

मग आपल्या सॉफ्टवेअरचं काय?

गँटच्या कागदावर एक मोठी उणीव होती. कुठलं काम कुठल्या कामावर अवलंबून आहे, हे त्यात दिसत नसे. ती उणीव १९५० च्या दशकाच्या शेवटी भरून निघाली. १९५७ मध्ये ड्यूपाँट कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत निघाली आणि १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट. पुढे छोटे कॉम्प्युटर आले, १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती आली आणि गँटच्या पट्ट्या व क्रिटिकल पाथचे बाण एकाच स्क्रीनवर येऊन बसले.

आता स्टुडिओसाठी सॉफ्टवेअर बघताना, रंग आणि ॲनिमेशन बाजूला ठेवून, गँटच्या आयुष्यातून निघालेले पाच प्रश्न विचारून बघा.

पहिला प्रश्न, आधी ठरलेल्या तारखा जपून ठेवता येतात का? सॉफ्टवेअरवाले याला बेसलाइन म्हणतात. ही सोय नसेल तर तारीख पुढे सरकवली की जुनी पुसली जाते आणि पट्टी कायम वेळेवर असल्यासारखीच दिसते. काम दोन महिने लांबतं आणि चार्ट हिरवाच राहतो.

दुसरा, उशिराचं कारण लिहायला जागा आहे का? क्लायंटनं टाइल्स फायनल केल्या नाहीत, माल आला नाही, मिस्त्री आला नाही, की आपलंच ड्रॉइंग उशिरा गेलं. चार-पाच ठरावीक कारणांतून एक निवडता आलं पाहिजे. वर्षाखेरीला ही कारणं मोजली की दुखणं कुठं आहे ते कळतं. बऱ्याचदा सुताराच्या नावानं ओरडणाऱ्या स्टुडिओला आपल्याच ऑफिसातल्या ड्रॉइंगची लाल रेघ दिसते.

तिसरा, कामं एकमेकांना बांधता येतात का? भिंतीतले पाइप झाल्याशिवाय सीलिंग बंद होत नाही, टाइल्स बसल्याशिवाय किचनचं अंतिम माप घेता येत नाही, सुतारकाम संपल्याशिवाय रंगाचा शेवटचा हात मारून उपयोग नाही. टाइल्स आठ दिवस लांबल्या तर किचनची तारीख आपोआप सरकली पाहिजे. नुसते कार्ड इकडून तिकडे सरकवायचे बोर्ड दिसायला सोपे असतात, पण हे काम त्यांच्याकडून सहसा होत नाही. शिवाय अनेक ॲप्समध्ये गँट चार्ट फुकटच्या प्लॅनमध्ये नसतो, तेवढं आधी तपासा.

चौथा, सगळ्या साइट एकत्र दिसतात का? गँटनं मशीनचा तक्ता वेगळा काढला होता. स्टुडिओत मशीनच्या जागी माणसं असतात. सुतारांची एकच टोळी आणि साइट तीन, असं असेल तर प्रत्येक साइटचा चार्ट वेगवेगळा बघून काहीच कळत नाही. एकाच सोमवारी तीच टोळी दोन ठिकाणी लावलेली आहे, हे सॉफ्टवेअरनं आधीच दाखवलं पाहिजे.

पाचवा आणि सगळ्यात महत्त्वाचा, साइट सुपरवायझर ते रोज भरेल का? गँटच्या मुकादमाला नोंदीतून फायदा होता म्हणून पद्धत चालली. सुपरवायझरला धुळीत उभं राहून, फोनवर, दोन मिनिटांत नोंद आणि फोटो टाकता आला पाहिजे. जमलं तर मराठीत किंवा हिंदीत. बरीच सॉफ्टवेअर माणसागणिक पैसे घेतात, त्यामुळं ऑफिसातल्या तिघांपुरतं घेतलं आणि साइटवाले बाहेर राहिले, तर पुन्हा व्हॉट्सॲपचे पाच ग्रुप चालूच राहणार. आणि त्या नोंदीचा वापर फक्त त्याला झापायला झाला, तर दुसऱ्या आठवड्यापासून सगळं वेळेवर असल्याच्याच नोंदी येतील.

निवडायची परीक्षाही सोपी आहे. ट्रायल घेतली की नवीन काम टाकून बघू नका. नवीन काम कुठल्याही ॲपमध्ये सुंदरच दिसतं. मागच्या वर्षी जो फ्लॅट सगळ्यात जास्त लांबला, तो घ्या. आधी ठरलेल्या तारखा टाका, मग जुने मेसेज आणि बिलं बघून खऱ्या तारखा टाका. त्यानंतर स्क्रीनकडे बघा. काम कुठं अडकलं, किती दिवस अडकलं आणि कुणामुळं अडकलं, हे कुणाला न विचारता दिसलं, तर ते सॉफ्टवेअर घ्या. नाही दिसलं, तर एका मोठ्या कागदावर रकाने आखून काळ्या आणि लाल पेननं रेघा मारायला आजही पैसे पडत नाहीत. आणि त्या कागदावर पहिली लाल रेघ स्वतःच्या नावासमोर मारायची तयारी ठेवा.